पक्ष्यांचा पारखी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील मुलांना समुद्र पाहावयाचा असेल, तर गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जावे लागते. दिवाळी सरल्यावर जो कोणी तसा जाईल, त्याला किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे दिसल्यावाचून राहणार नाहीत. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर ते शेकडोंच्या संख्येने बसलेले असतात. पांढरे अंग, राखी रंगाची पाठ, तांबडी चोच आणि तांबडे पाय. दुरून पाहणाऱ्याला सारा थवा एकाच साच्यातून काढल्यासारखा वाटतो.

परंतु तो तसा नसतो. त्यात तपकिरी डोक्याचे कुरव असतात, तसेच काळ्या डोक्याचेही असतात. हिवाळ्यात दोघांच्याही डोक्यावरील रंगीत टोपी नाहीशी होते आणि डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. मग त्यांना ओळखावे कसे? ते उडाले म्हणजे पंखांकडे पाहावे. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोके काळी असून त्या काळ्या रंगात पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी शुभ्र दिसते. ज्याने हे दोन नेहमीचे पक्षी शंभर वेळा न्याहाळले आहेत, त्यालाच शंभरांत वाट चुकून आलेला एखादा तिसरा, दुर्मिळ कुरव वेगळा दिसेल. इतरांच्या डोळ्यांसमोर तो बसला, उडाला आणि निघून गेला, तरी त्यांना त्याचा पत्ता लागावयाचा नाही.

दुर्मिळाची ओळख पटण्यासाठी आधी सामान्याची ओळख पक्की असावी लागते, हा धडा ज्यांच्या साऱ्या आयुष्यातून मिळतो, त्या थोर पक्षिशास्त्रज्ञाचे नाव डॉ. सलीम अली.

सलीम अली ह्यांचा जन्म मुंबई येथे १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. पोरक्या झालेल्या ह्या मुलांना त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमिदा बेगम ह्यांनी आपल्या खेतवाडीतील घरी आणले आणि पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. मामा शिकारीचे मोठे शौकीन होते. त्यांनी लहानग्या सलीमला एक छऱ्याची बंदूक आणून दिली. ती घेऊन चिमण्या टिपणे हा त्या मुलाचा आवडता खेळ होऊन बसला. पुढे ज्याने पक्ष्यांच्या रक्षणासाठी आपला देह झिजविला, त्याची सुरुवात अशी पक्षी मारण्यापासून झाली, हे वाचून नवल वाटेल. पण ते खरे आहे.

एके दिवशी बंदुकीने पडलेली एक चिमणी सलीमने हातात घेतली. ती नेहमीच्या चिमणीसारखीच होती; मात्र तिच्या गळ्यावर पिवळ्या रंगाचा डाग होता. मुलाच्या मनात शंका आली. आजवर इतक्या चिमण्या पाहिल्या, त्यांपैकी एकीच्याही गळ्यावर असा डाग नव्हता. मग ही कोण? त्याने मामांना विचारले. मामांनाही सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ह्या संस्थेचे सभासद होते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली ही संस्था पशू, पक्षी व वनस्पती ह्यांचा अभ्यास करीत असे. मामांनी संस्थेचे मानद चिटणीस मिलार्ड ह्यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि सलीमला तिकडे धाडले.

दहा-बारा वर्षांचा तो मुलगा कागदाच्या पुडीत मेलेली चिमणी घेऊन बिचकत बिचकत त्या साहेबांच्या कचेरीत शिरला. मिलार्ड ह्यांनी त्याचे ममतेने स्वागत केले. चिमणी पाहताच त्यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. त्यांनी एकामागून एक खण उघडून भुसा भरून जतन केलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखविले आणि वाचावयास पुस्तकेही दिली. ज्या जगाला तो आजवर केवळ नेमबाजीचे लक्ष्य समजत होता, ते किती अफाट आणि किती विविध आहे, हे त्या दिवशी त्याच्या ध्यानी आले. ज्याला घरची चिमणी नीट ठाऊक होती, त्यालाच ही वेगळी चिमणी वेगळी वाटली, हे मात्र विसरता कामा नये.

ह्याच वयात सलीमला आणखी एक सवय लागली. जे पाहिले ते लिहून ठेवावयाचे. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत बसे आणि नर बाहेर पहारा करी. सलीमने पहाऱ्यावरचा नर मारला, तर थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्या जागी बसला. सात दिवसांत असे आठ नर पडले. कृत्य क्रूर होते खरे. पण त्याने ही हकिकत तारतम्याने टिपून ठेवली. सुमारे साठ वर्षांनंतर ती टीप पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत छापली गेली. लहान मुलाने लिहिलेली असली, तरी जे पाहिले तेच तीत होते. म्हणून इतक्या वर्षांनीही तिचे मोल कमी झाले नाही.

शाळेत मात्र ह्या मुलाची चमक दिसली नाही. डोकेदुखीच्या दुखण्यामुळे त्याचे शिक्षण मध्येच खंडित झाले आणि काही काळ त्याला सिंध प्रांतात आप्तांकडे राहावे लागले. १९१३ साली तो कशीबशी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. महाविद्यालयात गणिताने त्याला जेरीस आणले. ते शिक्षण सोडून तो ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायावर गेला. तेथेही त्याचे मन हिशेबाच्या वह्यांपेक्षा भोवतालच्या रानातच अधिक रमले. मुंबईस परतल्यावर सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर ब्लॅटर ह्यांनी त्याचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह केला. १९१८ साली तेहमिना ह्यांच्याशी त्याचा विवाह झाला.

प्राणिशास्त्राचा अभ्यास झाला, परंतु विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिविज्ञान खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा सलीम अली ह्यांना मिळाली नाही. पुढे १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात पाहुण्यांना माहिती सांगण्याचे काम त्यांना मिळाले. ते करताना आपले ज्ञान तोकडे आहे, असे त्यांना वाटू लागले. म्हणून रजा काढून ते जर्मनीस गेले आणि बर्लिन येथे प्रोफेसर स्ट्रेसमान ह्या विख्यात पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. पदवी नसलेल्या ह्या परदेशी विद्यार्थ्याला स्ट्रेसमान ह्यांनी मनापासून शिकविले. सलीम अली त्यांना जन्मभर आपले गुरू मानीत.

जर्मनीच्या उत्तरेस समुद्रात हेल्गोलँड नावाचे लहानसे बेट आहे. लांबच्या प्रवासाला निघालेले असंख्य पक्षी त्या बेटावर विसाव्याला उतरतात. तेथील अभ्यासक त्यांना इजा न करता पकडीत, पायात क्रमांक कोरलेली हलकी कडी घालीत आणि पुन्हा सोडून देत. तो पक्षी दूरच्या देशी कोणाला सापडला आणि त्याने कडीवरील क्रमांक कळविला, की पक्ष्याचा प्रवास उलगडे. हे काम सलीम अली ह्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले आणि केले. अशा कड्या आपल्या देशातील पक्ष्यांच्या पायांतही घालाव्यात, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात रुजला.

मोठी उमेद बाळगून ते १९३० साली मायदेशी परतले. आणि येऊन पाहतात तो पैशांअभावी त्यांची संग्रहालयातील जागाच रद्द झालेली! नोकरी नाही, पदवी नाही, आणि संसार तर चालवावयाचा. अशा वेळी दुसरा कोणी हताश झाला असता. सलीम अली व तेहमिना मुंबई सोडून समुद्राच्या पलीकडे अलिबागजवळील किहीम ह्या गावी राहावयास गेले. किनाऱ्यावरचे ते निवांत घर आणि समोर पसरलेला पावसाळा. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती.

सुगरण हा कोकणात आणि देशावर सर्वांच्या परिचयाचा पक्षी. विहिरीवर झुकलेल्या झाडाला लोंबणारी तिची घरटी कोणी पाहिली नाहीत? आणि म्हणूनच तिच्याकडे नीट पाहण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. सलीम अली ह्यांनी शिडीवर कापडाचा आडोसा बांधला आणि त्याआड बसून ते तासन् तास, दिवसामागून दिवस ती घरटी निरखू लागले. कोणता पक्षी कोणत्या घरट्याशी आला, काय घेऊन आला, केव्हा गेला, ह्याची ते नोंद ठेवीत.

त्या नोंदींतून एक अजब हकिकत उघड झाली. घरटे विणतो तो नर. ते अर्धेमुर्धे झाले, की माद्या येऊन त्याची पाहणी करतात. जे घरटे मादीच्या पसंतीस उतरेल त्यात ती राहते. मग नर उरलेले घरटे व त्याची लोंबती नळी विणून पुरी करतो, मादी अंडी उबविते, आणि नर शेजारीच दुसरे घरटे विणावयास घेतो. तेही दुसऱ्या मादीस पसंत पडले, तर तिच्याशी संसार मांडतो. जो पक्षी साऱ्या देशाने पाहिला होता, त्याच्या घरची ही कहाणी जगाला नवी होती. सलीम अली ह्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि नोकरी गमावलेल्या ह्या माणसाचे नाव परदेशातील विद्वानांतही आदराने घेतले जाऊ लागले.

ह्या परिश्रमाचे फळ त्यांना थोड्याच वर्षांत आणखी एका रूपाने मिळाले. हिमालयाच्या पायथ्याशी कुमाऊंच्या तराई प्रदेशात सुगरणीची एक दुर्मिळ जात राहत असे. फिनची सुगरण ह्या नावाने ती शास्त्रज्ञांना माहीत होती. पण अनेक वर्षे तिचा ठावठिकाणा कोणाला लागला नव्हता. सलीम अली ह्यांनी तराईच्या गवताळ रानात तिचा पुन्हा शोध लावला. ही सुगरण नेहमीच्या सुगरणीपेक्षा थोराड, तिची चोच जाडजूड, आणि तिची घरटी झाडाच्या माथ्याशी, पाने खुडून उघड्या केलेल्या फांद्यांवर बांधलेली. किहीमच्या साध्या सुगरणीचे अंग न् अंग ज्यांच्या नजरेत भरलेले होते, त्यांना ही दूरची बहीण ओळखावयास अडचण कसली? हा पक्षी आज फारच थोडा उरला असून संकटात आहे. तो कोठे राहतो हे कळले, म्हणूनच त्याला वाचविण्याचा प्रयत्न तरी करता येतो.

त्यानंतरची वर्षे भ्रमंतीची गेली. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, म्हैसूर अशा अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी सलीम अली ह्यांनी केली. आपल्याला वेतन नको, प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च तेवढा मिळावा, एवढीच त्यांची मागणी असे. बैलगाडीचा प्रवास, तंबूतील वास्तव्य, जंगलातील हिवताप ह्यांचे त्यांना काहीच वाटत नसे. तेहमिना ह्या सर्व मुक्कामांत त्यांच्यासोबत असत आणि सारा व्याप हौसेने सांभाळीत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात वारल्या. हा घाव सलीम अली ह्यांच्या जिव्हारी लागला. त्यानंतर ते बहिणीच्या घरी राहू लागले. दुःख गिळून त्यांनी पुन्हा दुर्बीण व वही हाती घेतली.

१९४१ साली त्यांचा भारतीय पक्ष्यांवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. पक्ष्याचे चित्र, त्याचा आकार, रंग, आवाज, राहण्याची जागा असे सर्व त्यात सोप्या रीतीने दिलेले असल्यामुळे सामान्य माणसालाही खिडकीतला पक्षी नावाने ओळखता येऊ लागला. पुढे डॉ. रिप्ले ह्या अमेरिकन शास्त्रज्ञासमवेत त्यांनी भारतीय उपखंडातील सर्व पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. ते खंड १९६८ ते १९७४ ह्या काळात प्रसिद्ध झाले.

१९४५ साली त्यांनी तिबेटातील मानससरोवराची यात्रा केली. भाविक तेथे देवदर्शनाला जातात. हे गेले पक्षिदर्शनाला. कोकणच्या वाळूवर हिवाळा काढणारे तपकिरी डोक्याचे कुरव लडाख व तिबेट ह्यांच्या उंच सरोवरांकाठीच घरटी करतात. म्हणजे समुद्राचा म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो पक्षी जन्माने पर्वतावरचा! पक्षी असा देशोदेशींच्या सीमा ओलांडतो, म्हणून त्याचा अभ्यासही एका गावात बसून पुरा होत नाही. हेल्गोलँड बेटावर पाहिलेली कडी सलीम अली विसरले नव्हते. १९५९ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने त्यांच्या संस्थेने पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. हजारो पक्षी कडी घेऊन उडाले आणि त्यांपैकी काहींची वार्ता थेट सैबेरियातून व मध्य आशियातून परत आली.

ह्या शास्त्रात सर्व भिस्त नोंदीवर असते. पक्षी कोणता, कोठे दिसला, कोणत्या दिवशी दिसला, ह्यांत एक शब्द खोटा असला तरी मागून येणाऱ्यांची वाट चुकते. ह्याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणालाही खात्रीपूर्वक आढळले नव्हते. एका इंग्रज संग्राहकाने मात्र आपण तो १९१४ साली गुजरातेत मिळविल्याची चिठ्ठी आपल्या संग्रहातील पक्ष्याला बांधून ठेवली होती. ती चिठ्ठी खोटी होती, हे पुढे सिद्ध झाले. ती बाजूला सारून जुन्या, खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतला, तेव्हा १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत सापडला. सलीम अली तोवर हयात नव्हते. पण नोंद खरी असावी, ह्या विषयी ते आयुष्यभर किती कडक होते आणि का होते, हे ह्या घटनेवरून उमगते.

अभ्यासासाठी पक्षी मारणे त्या काळी सर्वमान्य होते आणि सलीम अली ह्यांनीही ते केले. परंतु जंगले तुटत चालली आणि पाणथळी आटू लागल्या, तशी पक्षी केवळ ओळखून भागणार नाही, ते वाचविलेही पाहिजेत, अशी त्यांची धारणा झाली. राजस्थानातील भरतपूरचे सरोवर पूर्वी संस्थानिकांच्या शिकारीसाठी राखलेले होते. तेथे पक्ष्यांना अभय मिळावे म्हणून त्यांनी अनेक वर्षे खटपट केली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली जाण्याच्या बेतात होते, तेव्हाही त्यांनी त्याची बाजू घेतली. भारत सरकारने १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला. १९७६ मध्येच मोठ्या रकमेचे एक जागतिक पारितोषिक त्यांना लाभले. ती रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कार्याला दिली. १९८५ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली.

त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस एक आनंदाचा प्रसंग आला. आंध्र प्रदेशातील जेर्डनचा धाविक हा निशाचर पक्षी १९०० सालानंतर कोणाला दिसला नव्हता. तो नष्टच झाला असावा, असे पुष्कळांस वाटे. सलीम अली ह्यांच्या संस्थेने आशा सोडली नाही. अखेर १९८६ च्या जानेवारीत कडप्पा भागात तो सापडला. तो हाती लागला एका स्थानिक पारध्याच्या साहाय्याने. त्या माणसाजवळ कोणतीही पदवी नव्हती. पण आपल्या रानातील रोजचे पक्षी त्याला घरच्या माणसांसारखे ठाऊक होते, म्हणून वेगळा पक्षी त्याला वेगळा दिसला. खेतवाडीतील मुलाच्या हाती पिवळ्या गळ्याची चिमणी आली तेव्हा जे घडले होते, तेच सुमारे ऐंशी वर्षांनी पुन्हा घडले.

२० जून १९८७ रोजी मुंबई येथे सलीम अली ह्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर, आपल्याकडे पक्षिदिन म्हणून पाळला जातो.

त्या दिवशी सर्वांनाच समुद्रावर जाता येईल असे नाही आणि जाण्याची आवश्यकताही नाही. मंगळवार पेठेतील मुलांना रंकाळा पायी जाण्याइतका जवळ आहे. इतर गावीही एखादे तळे, ओढा, विहीर किंवा निदान अंगणातील झाड असतेच. एक वही घ्यावी, दिनांक घालावा, आणि समोर दिसेल त्या साध्या चिमणीची, बगळ्याची, साळुंकीची नोंद करावी. जे नीट दिसले नाही, ते दिसले असे लिहू नये. असे वर्षभर केले, म्हणजे एखाद्या हिवाळ्यात कुरवांच्या थव्यात एक पक्षी वेगळा वाटेल आणि मुंबईतील त्या मुलाप्रमाणे मनात प्रश्न उभा राहील, की मग हा कोण? विद्येचा आरंभ त्या प्रश्नापासून होतो.